कल्ल्यांवरचे पांढरे डाग आणि गोड्या पाण्याची आंघोळ

ऑस्ट्रेलियाच्या तस्मानिया बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, ह्युऑन नदीचे मुख आणि ब्रूनी बेट यांच्या आसपासच्या समुद्रात, अटलांटिक सॅमनची पिंजऱ्यांतील शेती चालते. अशा शेतीवर मत्स्यआरोग्य तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या माणसाचा उन्हाळा जवळजवळ संपूर्णपणे एका एकपेशीय जीवाच्या मागे जातो. हा जीव म्हणजे माशांच्या कल्ल्यांवर वस्ती करणारा पॅरामीबा पेरुरान्स नावाचा अमीबा. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मी तस्मानियातील लॉन्सेस्टनला पुढील शिक्षणासाठी आले, तेव्हा अमीबा म्हटल्यावर मला आपल्याकडच्या कोणालाही आठवते तशी आवच आठवत असे. माशाला अमीबामुळे रोग होतो, आणि तो एका अख्ख्या उद्योगाचे वेळापत्रक ठरवतो, हे इथे येऊन काम केल्यावरच कळले. एका पिंजऱ्यातील माशांची कल्ले-तपासणी, निदान, गोड्या पाण्याची आंघोळ आणि त्यानंतरची पाहणी असा पूर्ण फेरा कसा पार पडतो, हे पुढे लिहिले आहे.

या रोगाचा इतिहास थोडा सांगितलाच पाहिजे, कारण आमच्या कामाची पद्धत त्यातूनच घडली. सॅमन हा तस्मानियाचा मूळचा मासा नव्हे. कॅनडातील नोव्हा स्कोशियाहून १९६०च्या दशकात त्याची अंडी प्रथम न्यू साउथ वेल्समध्ये आली आणि तिथल्या वंशातून १९८४पासून तस्मानियात व्यावसायिक शेती सुरू झाली. शेती सुरू होते न होते तोच कल्ल्यांचा हा आजार दिसू लागला आणि बॅरी मंडे या रोगनिदानतज्ज्ञाने १९८६ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढची सुमारे वीस वर्षे संशय पॅरामीबा पेमाक्विडेन्सिस या जवळच्या जातीवर होता, कारण रोगट कल्ल्यांवरून काढून प्रयोगशाळेत वाढवता येणारा अमीबा तोच होता. वाढवलेल्या अमीबाने मात्र निरोगी माशांना रोग होईना. २००७ साली तस्मानियातील संशोधकांनी जनुकीय तपासणीवरून दाखवून दिले की कल्ल्यांच्या जखमांत प्रत्यक्ष बसलेला अमीबा वेगळ्याच जातीचा आहे. ही नवी जात प्रयोगशाळेत वाढवून, तिने निरोगी माशांत रोग निर्माण करून, त्या माशांतून पुन्हा तीच जात वेगळी काढण्याचे काम २०१२ साली पूर्ण झाले. सहज वाढणारा जीव तोच गुन्हेगार, असे गृहीत धरण्याचा मोह रोगनिदानात किती दीर्घकाळ टिकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळते. उन्हाळ्यात पाण्याचे तापमान पंधरा-सोळा अंशांच्या वर गेले आणि पाऊस नसल्यामुळे समुद्राची क्षारता दर हजारी ३५च्या जवळ स्थिरावली, की प्रत्येक पिंजऱ्याची तपासणी साधारण दर पंधरवड्याला होते. खाद्याच्या आमिषाने मासे वर आणून हातजाळ्याने काही डझन मासे भूल दिलेल्या पाण्याच्या टाकीत सोडतात. आमच्याकडे वापरले जाणारे भुलीचे द्रव्य आयसोयुजेनॉलचे असते. लवंगेच्या तेलातील घटकाचा हा जवळचा नातलग, त्यामुळे थंड वाऱ्यात, डिझेलच्या आणि मासळीच्या वासात, त्या टाकीभोवती मात्र चक्क मसाल्याच्या डब्याचा वास दरवळत असतो. मासा कलंडला आणि शेपटीला धरल्यावर प्रतिकार करेनासा झाला की तो ओल्या फोमवर घेऊन एका हाताने कल्ल्याचे झाकण उचलायचे व दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकेक कमान पुढे सारत पाहायचे. दोन्ही बाजूंना चार-चार कमानी आणि प्रत्येक कमानीला दोन पृष्ठभाग, म्हणजे सोळा पृष्ठभाग पाहायचे असतात, आणि हे सर्व अर्ध्या मिनिटाच्या आत उरकायचे, कारण मासा तेवढा वेळ पाण्याबाहेर असतो.

निरोगी सॅमनचा कल्ला गडद लाल असतो आणि त्याचे तंतू एकमेकांपासून स्वच्छ सुटे दिसतात. अमीबाने पछाडलेल्या कल्ल्यावर प्रथम एखादा फिकट ठिपका दिसतो, तोही बहुधा तंतूंच्या मुळाजवळ किंवा कमानीच्या वरच्या टोकाकडे. रोग पुढे गेला की ठिपके एकत्र येऊन भिजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा उंचवटा तयार होतो व त्यावर चिकट श्लेष्म्याचा थर साचतो. गुण शून्य ते पाच असे दिले जातात. काहीच नसेल तर शून्य, एखादा ठिपका असेल तर एक, दोन-तीन ठिपके किंवा श्लेष्म्याचा लहानसा पट्टा असेल तर दोन. जाड झालेले पट्टे पृष्ठभागाच्या सुमारे वीस टक्क्यांपर्यंत पसरले असतील तर तीन, निम्म्यापर्यंत गेले असतील तर चार आणि निम्म्याहून अधिक भाग व्यापला असेल तर पाच. वाचायला ही पद्धत फार सोपी वाटते. प्रत्यक्षात एक आणि दोन यांमधली सीमारेषा ही पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते, आणि ढगाळ दिवशी ती आणखीच सरकते.

आमच्या पथकातील ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई अनेक वर्षे हेच काम करीत होत्या. त्यांनी मला सुरुवातीला गुण सांगूच दिले नाहीत. त्या गुण उच्चारत आणि मी लिहून घेई. मग मी मनात गुण ठरवायचा आणि त्यांच्या गुणाशी ताडून पाहायचा, असे सुरू झाले, व दोघींचे गुण सातत्याने जुळू लागल्यावरच वही त्यांच्या हाती आणि मासा माझ्या हाती आला. या शिकवणीतली सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे अमीबाचा नसलेला डाग ओळखणे. जेलीफिशच्या दंशाने कल्ल्यावर पांढुरके चट्टे पडतात, पण त्यांत रक्तस्रावाच्या बारीक खुणा असतात आणि तंतूंची टोके झिजलेली दिसतात. आधीच्या आंघोळीनंतर भरून आलेल्या जखमेचा व्रणही फिकटच असतो, परंतु तो सपाट असतो आणि बोटाच्या कडेने हलकेच पुसल्यास त्यावरून काही निघत नाही. अमीबाचा डाग उठावदार असतो व त्याची कड साधारण ठसठशीत असते. हे फरक पुस्तकात वाचून कळतात, पण हाताला पटायला अनेक मासे हाताखालून जावे लागतात.

डोळ्यांनी दिलेला गुण हे अनुमान आहे, म्हणून ठरावीक माशांच्या कल्ल्यांवरून कापसाच्या काडीने नमुना घेऊन तो जनुकीय चाचणीसाठी पाठवतात आणि काही मासे बळी देऊन त्यांच्या कल्ल्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मला सर्वांत जास्त आवडणारी पायरी मात्र साध्या ओल्या काचपट्टीची आहे. श्लेष्म्याचा एक थेंब समुद्राच्या पाण्यात मिसळून काचेवर ठेवला की सुरुवातीला तरंगणारे अमीबे दिसतात, त्यांच्या शरीरातून चहूबाजूंनी किरणांसारखे लांब छद्मपाद निघालेले असतात. काही मिनिटांत ते काचेवर टेकतात, किरण आत ओढून घेतात, चपटे होतात आणि पुढच्या पारदर्शक कडेवरून बोटांसारखी लहान टोके काढत सरकू लागतात. आकार मिलिमीटरच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाएवढा. रंगवलेल्या छेदात त्यांची ओळख पटवणारी खूण असते ती केंद्रकाला खेटून असलेला दुसरा गडद ठिपका, म्हणजे पॅरासोम. हा ठिपका अमीबाचा अवयव नसून पर्किन्सेला नावाचा, अमीबाच्या पेशीत कायमचा राहणारा वेगळाच एकपेशीय जीव आहे आणि त्याचे गोत्र निद्रारोग घडवणाऱ्या ट्रिपॅनोसोमाच्या गोत्राशी जुळते. म्हणजे माशाच्या अंगावर परजीवी आणि त्या परजीवीच्या पोटात भाडेकरू, जो बाहेर पडून जगू शकत नाही.

छेदात दिसणारे कल्ल्याचे चित्र विदारक असते. श्वसनासाठी ज्या नाजूक पटलांमधून पाणी वाहायचे, त्यांच्या पेशी बेसुमार वाढून शेजारशेजारची पटले एकमेकांना चिकटतात, मधे बंद पोकळ्या तयार होतात आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला अमीबांची रांग बसलेली दिसते. साहजिकच असे वाटते की मासा गुदमरून मरत असेल. लॉन्सेस्टनच्या विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी हे चित्र गुंतागुंतीचे केले, कारण रोगट सॅमनच्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढलेला आढळला. मृत्यूमागे श्वसनाइतकाच रक्ताभिसरणाचाही वाटा असावा, असा त्याचा अर्थ होतो. कामाच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे. गुण तीन असलेला मासा पिंजऱ्यात निवांत पोहताना दिसतो, खातोही, पण त्याला गर्दीत ढकलले किंवा पंपातून नेले की तो कोसळू शकतो. म्हणूनच उपचार उशिरा करणे हे दुहेरी नुकसानीचे ठरते, कारण उपचार करण्यासाठी माशाला हाताळावेच लागते.

उपचार म्हणजे काय, हे ऐकून शिरगावच्या आमच्या सरांनी फोनवर दोनदा विचारले होते, ‘‘म्हणजे औषध कोणतं, ते सांग ना.’’ मी पुन्हा तेच सांगितले, ‘‘सर, गोडं पाणी. दुसरं काही नाही.’’ आपल्याकडे रोहू-कटल्याची बोटुकली तळ्यात सोडण्यापूर्वी त्यांना मिठाच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याच्या नेमके उलटे हे काम आहे. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो, त्यामुळे काही तास गोड्या पाण्यात राहणे त्याला जमते. समुद्री अमीबाला ते जमत नाही, पाणी आत शिरून त्याची पेशी फुगते आणि फुटते. तस्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मॅक्वारी हार्बरमध्ये नद्यांच्या पाण्यामुळे वरचा थर निमखारा असतो व तिथे या रोगाचा त्रास जवळजवळ नाही. तिथले प्रश्न वेगळे आहेत, विशेषतः तळाकडच्या प्राणवायूचे, पण निदान अमीबाच्या बाबतीत तिथल्या माशांना निसर्गच आंघोळ घालतो.

आमच्या पिंजऱ्याचा सरासरी गुण दीडच्या पुढे जाऊ लागला आणि तीन गुणांचे मासे वहीत दिसू लागले, तेव्हा आंघोळीचा निर्णय झाला. हा निर्णय केवळ रोगाचा नसतो. धरणात पाणी किती आहे, कोणत्या पिंजऱ्याची पाळी आधी लागते, वारा कसा राहणार, हे सगळे त्यात येते. २०१५-१६च्या उन्हाळ्यात टास्मान समुद्रात दीर्घकाळ टिकलेली सागरी उष्णतेची लाट आली होती आणि त्या काळात काम केलेले लोक आजही आंघोळीच्या वेळापत्रकाबद्दल बोलताना त्याच उन्हाळ्याचा विषय काढतात. आंघोळीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करतात, म्हणजे माशांची प्राणवायूची गरज कमी होते व पाण्यात अमोनियाही कमी साचतो.

रिकाम्या पिंजऱ्यात भलीमोठी ताडपत्री पिशवीसारखी सोडून तिच्यात किनाऱ्यावरून आणलेले गोडे पाणी भरतात. हे पाणी लाखो लिटर लागते आणि भरायला तासन्‌तास जातात. भरत आलेल्या ताडपत्रीकडे पाहिले की एक गोष्ट चटकन लक्षात येते. गोडे पाणी हलके असल्यामुळे आतली पातळी बाहेरच्या समुद्रापेक्षा चार-सहा बोटे उंच उभी राहते, ताडपत्रीची कड ताणलेली असते आणि आतल्या पाण्याचा रंग बाहेरच्याहून वेगळा, किंचित चहाच्या छटेचा दिसतो. ही उंची अचानक उतरू लागली तर कुठेतरी फाटले आहे असे समजायचे, आणि क्षारतामापक तळाशी सोडून खात्री करायची, कारण खारे पाणी जड असल्याने ते आधी तळाशी भरते. आंघोळीच्या पाण्याची क्षारता दर हजारी चारच्या खाली राहिली पाहिजे. पाणी मृदू असेल तितके चांगले, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या जड पाण्यात अमीबा अधिक तग धरतो, हे इथल्याच प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. तस्मानियातील नद्यांचे पाणी मुळातच मृदू आहे, हे या उद्योगाचे नशीब.

मासे पंपाने उचलून, वाटेत खारे पाणी जाळीवर निथळवून, ताडपत्रीत सोडले जातात. पहिले काही मासे गोड्या पाण्यात पडताच उसळ्या मारतात, मग खाली जातात आणि गोलाकार पोहू लागतात. माझे काम प्राणवायू, तापमान, सामू (पीएच) आणि क्षारता यांच्या नोंदी ठरावीक अंतराने घेण्याचे होते. प्राणवायू सिलिंडरमधून सतत सोडावा लागतो व त्याची पातळी संपृक्ततेच्या आसपास किंवा थोडी वर राखावी लागते, पण खरी काळजी श्वासातून साचत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडची असते. मृदू पाण्यात त्याला आवर घालणारे क्षार नसतात, त्यामुळे सामू वेगाने उतरतो. म्हणजे अमीबाला मारायला जे पाणी उत्तम, तेच माशाला जास्त वेळ ठेवायला अवघड. शेवटचा मासा आत आला त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते आणि किमान दोन तास पूर्ण करावेच लागतात. मोठ्या पिंजऱ्यात पहिला मासा शेवटच्या माशाच्या कितीतरी आधी आत आलेला असतो, म्हणून त्याची आंघोळ आपोआपच तीन-चार तासांची होते. बाहेर कुंपणाच्या जाळ्यापलीकडे सील घिरट्या घालीत असतात, कारण पंप सुरू झाल्याचा आवाज त्यांना आता चांगलाच ओळखू येतो. वेळ पूर्ण झाल्यावर ताडपत्रीची एक बाजू सोडून देतात, मासे हळूहळू पुन्हा खाऱ्या पाण्यात येतात आणि तळाशी गेलेले मृत मासे मोजून काढले जातात. आता मोठ्या बोटींच्या पोटातील टाक्यांत ही आंघोळ घालण्याची सोयही आली आहे. तिथे पाण्यावर नियंत्रण चांगले राहते, परंतु तत्त्व तेच.

नॉर्वे, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथेही हा रोग पोहोचला आहे व विशेषतः २०११-१२पासून तिथे त्याने मोठे नुकसान केले. तिकडे हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर होतो, पण पाणी उबदार असेल तर ते द्रव्य माशांनाच घातक ठरते. आमच्या उन्हाळ्यात तापमान ज्या पातळीवर असते, तिथे हा पर्याय विचारात घेण्याजोगा नाही. सॅमनच्या अंगावरील उवा खाण्यासाठी तिकडे पिंजऱ्यांत सोडलेल्या लम्पफिश आणि रॅस या माशांनाही हाच अमीबा लागतो. एका परजीवीचा जैविक उपाय दुसऱ्या परजीवीचा यजमान निघाला, याला काय म्हणावे?

आंघोळीनंतरच्या तपासणीत कल्ले पाहताना समाधान वाटते, परंतु ते जपून बाळगावे लागते. श्लेष्म्याचे थर धुऊन गेलेले असतात, उंचवटे बसलेले असतात आणि ओल्या काचपट्टीवर फुटलेल्या पेशींचे अवशेष दिसतात. तरीही श्लेष्म्याखाली लपलेले काही अमीबे वाचतातच, शिवाय शेजारच्या पिंजऱ्यांतून नवे येतात. दोन आठवड्यांच्या आत अमीबे पुन्हा सापडू लागतात आणि ठिपके दिसायला त्यानंतर थोडाच अवधी लागतो. म्हणून भर उन्हाळ्यात एकाच पिंजऱ्याला महिना-दीड महिन्याच्या अंतराने पुन्हा आंघोळ द्यावी लागते. लस बनवण्याचे प्रयत्न अनेक वर्षे झाले, पण बाजारात येण्याजोगी लस अजून नाही. आंघोळ कमीत कमी वेळा लागावी, एवढेच सध्याचे व्यवहार्य उद्दिष्ट आहे.

त्या दिशेने सर्वांत ठोस काम पैदाशीच्या कार्यक्रमाने केले आहे. तस्मानियात २००४पासून सॅमनची निवडक पैदास चालू आहे आणि कल्ल्यांचा गुण हाच त्यातील एक निकष आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतील मासे नैसर्गिक संसर्गाला सामोरे जाऊ देऊन त्यांचे गुण नोंदवले जातात, आणि रोगाला तोंड देण्याच्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा मध्यम प्रमाणात का होईना, आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पहिल्या संसर्गातले गुण आणि आंघोळीनंतर पुन्हा झालेल्या संसर्गातले गुण हे काटेकोरपणे एकमेकांशी जुळत नाहीत, असेही दिसले. म्हणजे पहिल्यांदा तग धरणारे कुटुंब दुसऱ्या वेळी तसेच उतरेल असे नाही, व शेतीच्या दृष्टीने दुसऱ्या-तिसऱ्या संसर्गातील वर्तनच अधिक मोलाचे असते. या माशांची तपासणी करताना प्रत्येक माशाच्या अंगातील इलेक्ट्रॉनिक चिपचा क्रमांक यंत्राने वाचला जातो, त्यामागोमाग मी गुण सांगते आणि सहकारी तो संगणकात भरतो. माझ्या तोंडून निघालेला ‘दोन’ किंवा ‘तीन’ त्या माशाच्या भावंडांपैकी कोणाची अंडी पुढे वापरायची, या हिशेबात जातो. म्हणूनच अशा दिवशी आम्ही दोघींनी गुण द्यायचे, मधे उन्हाची दिशा बदलली की मासे ठेवण्याचे टेबल फिरवायचे, आणि दर काही माशांनंतर एक मासा एकमेकींना न सांगता पुन्हा तपासून दोघींचे आकडे ताडून पाहायचे, असा नियम ज्येष्ठ बाईंनी घालून दिला, आणि तो आजही आमच्या पथकात पाळला जातो.